पथ्य मोडल्यानंतरची सकाळ



आजचा विषय खाण्याचा आहे. खरं म्हणजे जे खायचं नाही असं ठरवलं होतं, ते खाऊन झाल्यानंतरचा आहे.

तुमच्यापैकी कुणी इंदूरला असाल, कुणी बडोद्याला, कुणी हैदराबाद, बंगळूर किंवा तंजावरला. गाव कुठलंही असो, घरातला प्रसंग सारखाच असतो. कुणीतरी भात, पोळी, बटाटा, साखर सोडलेली असते. तीन आठवडे सगळं व्यवस्थित चालतं. वजन उतरतं, साखर आटोक्यात येते, शेजारीपाजारी विचारायला लागतात. मग गणपती येतात. पानात मोदक येतो. एक खाल्ला जातो, मग दुसरा. आणि मनात ते ओळखीचं वाक्य येतं : 'आता मोडलंच आहे, तर आज खाऊन घेऊ. सोमवारपासून परत सुरू.' हा सोमवार कधीकधी थेट दिवाळीनंतर उगवतो.

माझ्या वडिलांचंच सांगतो. आम्ही इंदूरचे. दर रविवारी सकाळी पोहे आणि जिलेबी हा आमच्या घरचा चाळीस वर्षांचा नेम. निवृत्तीनंतर दादांना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी भात, बटाटा आणि गोड बंद केलं, पोळ्या कमी करून एकीवर आणल्या. घरी साखर तपासायचं यंत्र आलं आणि एक वही आली. रोज सकाळी दादा त्या वहीत आकडा लिहायचे. फार सुरेख आकडे असायचे : ११८, १२१, ११६. मी ती वही बघून शाबासकी द्यायचो. वर्षभरानं प्रयोगशाळेत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी केली, तर ती ९.८ टक्के निघाली. वहीतले आकडे मनानं लिहिलेले होते.

मी त्या दिवशी खूप बोललो. ते काहीच बोलले नाहीत. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. पण 'माणूस पथ्य मोडतो तेव्हा आजूबाजूचे काय करतात, आणि त्यानं काय होतं?' हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात राहिला. कमी कर्बोदकांच्या आहाराला सव्वादोनशे वर्षांचा लेखी इतिहास आहे, आणि तो चाळला की एक गोष्ट ध्यानात येते. या आहाराच्या जन्मापासून पथ्य मोडणारी माणसंही त्याच्या सोबत आहेत.

तोफखान्यातला कॅप्टन

सुरुवात इंग्लंडमध्ये करू. सन १७९६, ऑक्टोबर महिना. जॉन रोलो हा ब्रिटिश तोफखान्याचा सर्जन-जनरल. त्याच्याकडे कॅप्टन मेरेडिथ नावाचा ओळखीचा अधिकारी आला. वय ३४. एके काळी चांगला २३२ पौंडांचा, म्हणजे १०५ किलोंचा धिप्पाड माणूस. आता झटकून ७३ किलोंवर आलेला. सतत तहान, सतत भूक, सतत लघवी. रोलोनं मधुमेह ओळखला. मधुमेह्याच्या लघवीत खरोखरीची साखर असते हे वीस वर्षांपूर्वीच, १७७६ साली, लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सननं दाखवून दिलं होतं. रोलोनं त्यावरून तर्क केला की ही साखर धान्यं आणि भाज्यांपासून जठरात तयार होत असणार. तर्कातला जठराचा भाग चुकला होता, पण त्यातून निघालेला उपाय कामाचा होता : धान्य-भाजी जवळपास बंद करा आणि मांस, चरबी, दूध द्या.

हा आहार ऐकला तर आजचे आहारतज्ज्ञसुद्धा कानावर हात ठेवतील. न्याहारीला दूध, चुन्याची निवळी आणि लोणी लावलेला थोडा पाव. दुपारी रक्त आणि चरबी यांचं पुडिंग. जेवणाला जुनं, खवट झालेलं चरबीदार मांस. शिवाय भूक मारायला औषधं. तरीही मेरेडिथची तहान कमी झाली, लघवीतली साखर हटली, आणि काही आठवड्यांत तो उभारी धरून कामावर परत जाण्याजोगा झाला.

रोलोनं १७९७ साली ही हकीकत छापली. आपल्या विषयाच्या दृष्टीनं त्यातला महत्त्वाचा भाग असा की मेरेडिथकडूनही पथ्य सुटलं होतं. सुटलं की लघवीत साखर परत दिसायची. परत पथ्यावर आला की जायची. रोलोनं हे लपवलं नाही. उलट, तेच त्याच्या उपायाचं सर्वात भक्कम प्रमाण ठरलं. पथ्य पाळल्यावर बरं वाटणं हा योगायोगही असू शकतो. पण मोडल्यावर बिघडतं आणि परत धरल्यावर सुधारतं असं दिसलं, तेव्हा संबंध पक्का झाला. म्हणजे या आहाराच्या पहिल्या नामांकित रुग्णाची चूक ही विज्ञानाच्या दृष्टीनं मोलाची नोंद होती.

रोलोचा दुसरा रुग्ण वयानं मोठा सेनाधिकारी होता. त्यालाही आधी गुण आला. पण रोलोच्या नजरेआड गेल्यावर त्याला तो आहार नेटानं पाळता आला नाही, आणि तो वाचला नाही. दोघांनीही पथ्य मोडलं होतं. फरक एवढाच की एक जण परत पथ्यावर येत राहिला.

कुलूप

पुढच्या शंभर वर्षांत वैद्यांनी या दुसऱ्या रुग्णाचा धसका घेतला असं म्हणावं लागेल. रुग्ण पथ्य मोडतो, मग त्याला मोडायची संधीच द्यायची नाही. इटलीत नेपल्सच्या अर्नाल्दो कान्तानी यानं मधुमेह्यांना मांस आणि स्निग्ध पदार्थांवर ठेवलं आणि ते दुसरं काही खाणार नाहीत यासाठी चक्क कुलूपबंद ठेवलं. स्ट्रासबर्गच्या बर्नहार्ड नाउनिन यानंही लघवीतली साखर जाईपर्यंत रुग्णांना खोलीत बंद करण्याचा मार्ग वापरला. ही माणसं क्रूर नव्हती. इन्सुलिन नव्हतं आणि आहार हे एकच हत्यार हातात होतं. रुग्ण डोळ्यांदेखत मरत होते.

या कठोरपणाचं टोक गाठलं गेलं अमेरिकेत. फ्रेडरिक ॲलन या डॉक्टरनं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत १९१४ पासून उपासाचा उपचार सुरू केला. लघवीतली साखर जाईपर्यंत उपास, मग मोजून मापून थोडं अन्न, साखर दिसली की परत उपास. लहान मुलं हाडांचे सापळे होईपर्यंत या उपचारानं जगवली जायची. एलिझाबेथ ह्यूज नावाची मुलगी १९१९ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, ३४ किलो वजनाची ॲलनकडे आली होती. ऑगस्ट १९२२ मध्ये ती इन्सुलिनसाठी टोरांटोला पोचली तेव्हा वजन होतं २० किलो. पण पोचली! इन्सुलिन मिळाल्यावर ती चांगली जगली, संसार केला, १९८१ साली गेली. ॲलनच्या कठोर पथ्यानंच तिला ती तीन वर्षं मिळवून दिली हे मान्य करायलाच हवं.

पण त्याच ॲलनच्या नोंदींत आणखी एका मुलाची हकीकत आहे. बारा वर्षांचा मुलगा, मधुमेहानं आंधळा झालेला, अंथरुणाला खिळलेला. त्याच्या हाती काही लागणार नाही असा सगळा बंदोबस्त होता. तरी लघवीत साखर यायची. कुठून येते ते कळेना. बराच शोध घेतल्यावर उलगडा झाला. त्यानं एक कॅनरी पक्षी मागून घेतला होता आणि त्याच्या पिंजऱ्यातले दाणे तो खात होता. टूथपेस्टही खात होता.  तो मुलगा अखेर भुकेनंच गेला.

हे वाचल्यावर मला दादांची वही आठवली. रोगाची तीव्रता वेगळी, काळ वेगळा, इथे जिवाचं काही नव्हतं. पण जिथे चूक म्हणजे गुन्हा ठरतो तिथे माणूस चूक थांबवतोच असं नाही, ती लपवायला मात्र नक्की शिकतो. आणि लपवलेल्या चुकीवर कुणालाच उपाय करता येत नाही.

पॅरिसचा वेढा आणि चवीचा हिशोब

याच काळात दुसऱ्या पद्धतीनं विचार करणारा एक माणूस पॅरिसमध्ये होता. अपोलिनेर बुशार्दा. औषधशास्त्राचा जाणकार आणि मधुमेहाचा चिकित्सक. १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या सैन्यानं पॅरिसला वेढा घातला. शहरात अन्नाचं रेशनिंग झालं. लोक घोडे, मग उंदीर खायला लागले. बुशार्दानं पाहिलं की या उपासमारीत त्याच्या काही मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर नाहीशी झाली. कमी खा, पिष्टमय पदार्थ टाळा, अंगमेहनत करा, हे त्याचं सूत्र यातून पक्कं झालं.

पण त्याचं वेगळेपण दुसरीकडे आहे. त्यानं रुग्णांना आपली लघवी आपणच रोज तपासायला शिकवलं. कोणता पदार्थ खाल्ला की साखर येते हे ज्याचं त्यानं शोधावं. पाव सोडवत नाही ना, मग पीठ धुऊन त्यातला पिष्टमय भाग काढून उरलेल्या ग्लुटेनचा पाव त्यानं बनवला. कुलूप लावण्याऐवजी त्यानं रुग्णाच्या हातात मोजमाप दिलं. आज आपल्या घराघरांत जी बोटातून थेंबभर रक्त काढून साखर बघायची यंत्रं आहेत, त्यांमागची कल्पना ही इतकी जुनी आहे. आणि यंत्रावरचा आकडा कशासाठी असतो? पुढचा घास ठरवण्यासाठी. आम्ही आमच्या घरात तो प्रगतिपुस्तकासारखा वापरत होतो.

बँटिंगचे मटार

आता मधुमेहाकडून वजनाकडे येऊ. कारण लो-कार्ब हा शब्द आज जास्त करून वजनासाठीच उच्चारला जातो, आणि त्या शाखेचा मूळपुरुष लंडनचा विल्यम बँटिंग आहे. इन्सुलिनवाला बँटिंग वेगळा, तो फ्रेडरिक. हा विल्यम अंत्ययात्रेची व्यवस्था करणाऱ्या घराण्यातला, राजघराण्यातल्या अंत्यविधींची कामंही त्यांच्याकडे असायची. वय ६६, उंची पाच फूट पाच इंच, वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. बुटांचे बंद वाकून बांधता येत नव्हते. जिना उतरायचा तर सावकाश, उलट्या पावलांनी.

त्यानं सगळे उपाय केले होते. पहाटे उठून नाव वल्हवली, त्यानं भूक तेवढी वाढली. वाफेचे हमाम झाले, औषधी पाण्याचे झरे झाले. शेवटी ऐकायला कमी येतं म्हणून तो विल्यम हार्वी नावाच्या कानाच्या डॉक्टरकडे गेला. हार्वीनं पॅरिसला क्लोद बर्नार या मोठ्या शरीरशास्त्रज्ञाची मधुमेहावरची व्याख्यानं ऐकली होती. त्यानं ऑगस्ट १८६२ मध्ये बँटिंगचा पाव, साखर, बिअर, बटाटा, दूध बंद केलं. दिला तो मांस, मासे, भाजी, थोडं फळ, आणि एखादा कोरड्या टोस्टचा तुकडा. वर्षभरात ४६ पौंड उतरले, जवळपास २१ किलो. बँटिंगनं १८६३ मध्ये स्वतःच्या खर्चानं एक पुस्तिका छापली आणि आधी फुकट वाटली. ती इतकी गाजली की त्याच्या आडनावाचं इंग्रजीत क्रियापद झालं, आणि स्वीडिश भाषेत आजही वजन उतरवण्यासाठी पथ्य करण्याला 'बांता' म्हणतात.

ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. मला आवडतो तो पुढच्या आवृत्तीतला भाग. वजन उतरून काही वर्षं झाल्यावर, १८६९ च्या आवृत्तीत म्हातारा बँटिंग आपला अनुभव मांडतो. त्याला ताजे मटार फार आवडायचे. मटार पिष्टमय, त्यामुळे पथ्यात न बसणारे. पण हंगाम आला की तो रोज खायचा. वजन दोन-तीन पौंडांनी वाढायचं. हंगाम संपला की पथ्य पूर्ववत आणि वजनही पूर्ववत. या आगळिकीबद्दल मी स्वतःला माफ केलं आहे, अशा अर्थाचं तो लिहून जातो.

या साध्या नोंदीत तीन गोष्टी आहेत. पहिली, त्यानं वजन केलं होतं. हंगामात तराजूपासून तोंड लपवलं नाही. दुसरी, मोडण्याला काठ होता : मटार, आणि तेही हंगामापुरते. मटार खाल्ले म्हणून तो पाव, बटाटा आणि बिअरकडे वळला नाही. तिसरी, त्यानं स्वतःला माफ केलं. ही माफी म्हणजे सूट नव्हती, कारण हंगाम संपल्यावर तो परत आला. बँटिंग १८७८ साली, ८१ व्या वर्षी वारला. ज्या आहाराला तो नाव देऊन गेला, त्याचा तो बिनचूक पाळणारा नव्हता. तो परत येणारा होता.

तराजू काय सांगतो

इथे थोडं शरीरशास्त्र. पथ्य मोडल्यावर दुसऱ्या दिवशी काट्यावर उभे राहिलात आणि दीड-दोन किलो वाढलेले दिसले, तर पोटात धस्स होतं. तीन आठवड्यांची मेहनत एका रात्रीत गेली असं वाटतं. ती गेलेली नसते.

याचं उत्तर त्याच क्लोद बर्नारनं शोधलेल्या पदार्थात आहे, ज्याची व्याख्यानं हार्वीनं ऐकली होती. यकृत साखरेचा साठा एका खास रूपात करून ठेवतं हे बर्नारनं दाखवलं आणि १८५७ मध्ये त्या पदार्थाला ग्लायकोजेन नाव दिलं. यकृत आणि स्नायू मिळून असा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साठा असतो, आणि प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर अंदाजे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. कर्बोदकं बंद केली की हा साठा आटतो आणि पाणीही जातं. म्हणून पहिल्या आठवड्यात वजन झपाट्यानं उतरतं आणि आपण हवेत जातो. कर्बोदकं परत आली की साठा भरतो, पाणीही परत येतं, आणि आपण जमिनीवर आपटतो. दोन्ही वेळा चरबीचा संबंध थोडाच असतो.

हिशोब करून बघा. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. लग्नाच्या पंगतीत तुम्ही नेहमीपेक्षा १००० कॅलरी जास्त खाल्ल्या, तर त्यातून फार तर सव्वाशे-दीडशे ग्रॅम चरबी बनेल. काट्यावरचे बाकीचे दीड किलो पाण्याचे आणि अजून पोटात असलेल्या अन्नाचे. नेहमीच्या आहारावर परत आलात तर काही दिवसांत ते जातात. आपल्याकडे म्हण आहे, थेंबानं गेलेली हौदानं येत नाही. अब्रूच्या बाबतीत ते खरं असेल. खाण्याच्या बाबतीत जे थेंबानं गेलं ते थेंबानं परत येतं. पण थेंब सांडला म्हणून आपण रागानं हौद उलटा करतो.

हौद का उलटतो

हा हौद उलटण्याचा प्रकार १९७५ साली अमेरिकेतल्या पीटर हर्मन आणि मॅक या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगात पकडला. त्यांनी विद्यार्थिनींचे तीन गट केले. एका गटाला काहीच दिलं नाही, दुसऱ्याला एक मिल्कशेक, तिसऱ्याला दोन. मग सगळ्यांसमोर आइसक्रीम ठेवलं आणि सांगितलं, चव कशी आहे ते नोंदवा, हवं तेवढं खा. ज्या मुली एरवी खाण्यावर बंधन घालत नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइसक्रीम कमी खाल्लं. साहजिक आहे, पोट भरलं होतं. पण ज्या मुली डाएटवाल्या होत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइसक्रीम जास्त खाल्लं. नियम मोडला होता, आता राखायचं काय?

१९७९ च्या दुसऱ्या एका प्रयोगात आणखी गंमत दिसली. पेयात प्रत्यक्ष कॅलरी किती यापेक्षा सांगितल्या किती यावर पुढचं खाणं ठरत होतं. पेय भरपूर कॅलरींचं आहे असं सांगितलं की डाएटवाल्या मुली जास्त खायच्या. म्हणजे हौद उलटा करणारी भूक नव्हती. 'मी मोडलं' ही समजूत होती.

दारू सोडणाऱ्यांवर काम करणारे सिएटलचे ॲलन मार्लाट याच दिशेनं गेले. १९८५ मध्ये ज्युडिथ गॉर्डन यांच्यासोबतच्या पुस्तकात त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या : एकदा पाय घसरणं, आणि पुन्हा पूर्वीच्या सवयीत जाऊन पडणं. पहिल्यातून दुसरं होईल की नाही हे माणूस पहिल्या घसरणीचा अर्थ काय लावतो यावर बरंचसं ठरतं, असं त्यांचं म्हणणं. 'त्या लग्नात समोर ताट आलं आणि मी भुकेलेला होतो' असा अर्थ लावला तर पुढच्या लग्नाची तयारी करता येते. 'माझ्यात दमच नाही' असा लावला तर करण्यासारखं काही उरत नाही.

आणि २००७ मध्ये क्लेअर ॲडम्स आणि मार्क लिअरी यांनी जणू बँटिंगचीच परीक्षा घेतली. मुलींना आधी एक डोनट खायला दिला. काहींना नंतर आपुलकीनं सांगितलं की असं सगळेच खातात, स्वतःला टाकून बोलू नका. मग चॉकलेट-गोळ्या चाखायला दिल्या. खाण्याबद्दल अपराधी वाटून घेणाऱ्या मुलींपैकी ज्यांना हे चार शब्द ऐकायला मिळाले त्यांनी कमी खाल्लं. आपल्याला वाटतं, समजून घेतलं की माणूस शेफारतो. या प्रयोगात उलट झालं.

पथ आणि पथ्य

आता आपल्या शब्दाकडे येऊ. डाएट मोडला असं आपण आज म्हणतो, पण त्याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे : पथ्य. पथ म्हणजे वाट. चरकसंहितेत पथ्याची व्याख्या आहे, तिचा आशय असा की जे वाटेपासून ढळलेलं नाही आणि मनालाही आवडतं ते पथ्य. टीकाकार इथे वाट म्हणजे शरीरातले मार्ग असा अर्थ घेतात. पण दुसऱ्या अर्ध्याकडे बघा. मनाला आवडणं ही पथ्याची अटच आहे. जे घशाखाली ढकलावं लागतं ते चरकाच्या मापानं अर्धंच पथ्य.

त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, अंगवळणी पडलेली वाईट सवय कशी सोडावी ते सांगितलं आहे. एकदम नाही. चौथा हिस्सा सोडावा, त्याजागी हिताचं घ्यावं, मग थोडं थांबून पुढचा हिस्सा. अशा क्रमानं घटवलेले दोष परत उद्भवत नाहीत आणि क्रमानं आणलेले गुण टिकतात, असं कारणही दिलं आहे. उगाच गैरसमज नको म्हणून सांगतो : चरकाचा आहार लो-कार्ब नव्हता. प्रमेहाला तो जव सांगतो, आणि जव हे धान्यच आहे. पण माणूस सवय कशी बदलतो याची जाण त्या ओळींत आहे, आणि ती कुलूप लावणाऱ्यांपाशी नव्हती.

मग आज मोदक खाल्ला गेला, तर उद्या सकाळी काय करायचं? इतिहासातून जे हाती लागतं ते सोपं आहे. सोमवारची वाट बघू नका, पुढचं जेवण हीच सुरुवात. आणि ते नेहमीचं जेवण असू द्या. प्रायश्चित्त म्हणून उपास करू नका. विशेषतः इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवण बुडवल्यानं साखर धोकादायक खाली जाऊ शकते, आणि काही नव्या गोळ्यांबरोबर अति कमी कर्बोदकंही घातक ठरतात. तेव्हा अशा बदलाआधी डॉक्टरांना विचारा. चार-पाच दिवस काट्यावरच्या आकड्याचं फार मनावर घेऊ नका. काय झालं ते एका ओळीत लिहून ठेवा : कुठे, केव्हा, भूक होती का, सोबत कोण होतं. तीन-चार ओळी जमल्या की घसरण्याची जागा दिसायला लागते. ती एकच असेल, तर बँटिंगच्या मटारांसारखा तिला काठ घालता येतो. आणि घरातल्या इतरांना एवढंच सांगेन, शिपाई होऊ नका. मी होऊन बघितलं आहे.

दादांच्या वहीचं सांगायचं राहिलं. त्या ९.८ च्या अहवालानंतर आम्ही डॉक्टरांकडे गेलो. मला वाटलं होतं की ते त्यांना झापतील. मी त्या आशेनंच खोटी वही सोबत नेली होती. त्यांनी ती उघडलीही नाही, बाजूला ठेवली. दादांना म्हणाले, 'काका, नवी वही घाला. साखरेचा आकडा लिहायच्या आधी काय खाल्लं ते लिहायचं. जिलेबी खाल्ली तर जिलेबी लिहा. मला त्यावरून गोळी ठरवायची आहे.' परत येताना दादांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून दहा रुपयांची वही घेतली आणि मला म्हणाले, 'ही तू बघायची नाहीस.' मी कबूल केलं, आणि पाळलंही.

ते गेल्यावर कपाटात सापडली तेव्हा पहिल्यांदा उघडली. पहिल्या पानावर त्यांच्या मास्तरी अक्षरात तीन ओळी होत्या.

रविवार. पोहे, जिलेबी २. सकाळी साखर २३१.

सोमवार. भाजी, पोळी १, ताक. १७४.

मंगळवार. तसंच. १४६.

पुढे सहा वर्षांची पानं आहेत. महिन्या-दोन महिन्यांनी एखादा जिलेबीचा रविवार येतो, आणि दर वेळी त्याच्या खाली सोमवार लिहिलेला आहे.